पुरतंय ना?

लेक चार दिवसांची झाली त्या दिवशी मी एक वही काढली. दोनशे पानी, रेघांची. पट्टी न घेताच रकाने आखले: वेळ, बाजू, मिनिटं, शू-शी. उजवीकडे थोडी जागा उरली, तिथे लिहिलं 'शेरा'. या पाचव्या रकान्यात तिसऱ्याच ओळीला मी लिहिलंय, 'पोट भरलं नाही बहुतेक.' त्या पानावर हेच वाक्य आणखी सहा वेळा आहे. पुढच्या पानापासून त्याचं 'पो.भ.ना.ब.' झालं. दिवसातून दहादा तेच लिहायचं म्हटल्यावर माणसाला लघुलिपी आपोआप सुचते.

पुरावा काय होता? पाजून खाली ठेवलं की ती रडायची, एवढाच. तान्हं बाळ दहा कारणांनी रडतं आणि त्यातलं एक भूक असतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण पहाटे तीन वाजता उरलेली नऊ कारणं कुणाला आठवतात?

त्या दिवसांत घरात येणारं माणूस, फोनवरचा आवाज, सगळे एकच विचारायचे, "पुरतंय ना गं?" आईने विचारलं की काळजी वाटायची, सासूबाईंनी विचारलं की तपासणी, आणि एका लांबच्या आत्याबाईंनी विचारलं तेव्हा तर निकालच लागल्यासारखं झालं. खरं तर तिघींचा सूर सारखाच होता, फरक माझ्या कानात होता. बरं, उत्तर काय द्यायचं? अंगावरच्या दुधाला मापाच्या रेघा नाहीत. बाटलीतून पाजणारीला 'साठ मिली घेतलं' असं ठणकावून सांगता येतं. मी सांगणार काय, तर 'डावीकडे अठरा मिनिटं'. ते उत्तर माझं मलाच पटत नव्हतं.

आता एक कबूल करायला हवं, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. पहिल्या चार दिवसांत माझं दूध खरंच कमी होतं.

बाळंतपण सिझेरियनने झालं. पहिल्या दिवशी सिस्टरने हलक्या हाताने दाबून एक थेंब काढला आणि माझ्याच बोटावर ठेवला. पिवळसर, घट्ट, चिकट. "हा चीक. सध्या एवढाच येतो आणि तिला एवढाच लागतो," असं म्हणून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. मी बोटाकडे बघत राहिले. एवढाच? पहिल्या दिवशी बाळ एका वेळेला जेमतेम चमचाभर, म्हणजे पाचेक मिली चीक घेतं, कधी त्याहूनही कमी. जन्माच्या वेळी त्याच्या पोटात मावतं तेच वीसेक मिली. आणि भरपूर दूध उतरण्याचा सांगावा बाळाच्या रडण्यातून येत नाही, तो बाळामागून वार (प्लॅसेंटा) पडल्यावर मिळतो. वार बाहेर आली की प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक झपाट्याने उतरतं, दुधावरचा लगाम सुटतो आणि मग दोन ते चार दिवसांत छाती भरून येते. सिझेरियन झालेलं असेल, पहिलंच बाळंतपण असेल, मधुमेह असेल किंवा रक्त फार गेलं असेल, तर त्याला आणखी उशीर होऊ शकतो. यातल्या दोन गोष्टी मला लागू होत्या. हे कुणी बाळंतपणाच्या आधी सांगितलं असतं तर मी त्या थेंबाकडे इतक्या अविश्वासाने पाहिलं नसतं.

जन्माच्या वेळी ती ३,१०० ग्रॅम होती, चौथ्या दिवशी २,७९०. बरोबर दहा टक्के घट. पहिल्या दिवसांत वजन उतरतंच, सात टक्क्यांपर्यंत फारसं कुणी दचकत नाही. काटा दहाच्या जवळ गेला की मात्र डॉक्टर स्वतः बसून पाजणं बघतात, आणि बघायलाच हवं. आमच्या डॉक्टरांनी बघितलं, आणि चार दिवस अंगावर पाजून झाल्यावर थोडं वरचं दूध द्यायला सांगितलं. म्हणजे माझी शंका खरी निघाली होती. ती चार दिवस खरी होती आणि पुढचे सहा आठवडे खोटी. पण एकदा खरी निघालेली शंका मग ऐकत नाही, ती घरच्यासारखी वावरायला लागते.

दूध वाढलं ते त्या वरच्या दुधाने नाही, बसण्याने. मी आतापर्यंत बाळाकडे वाकत होते, तिला छातीकडे आणत नव्हते. तिच्या तोंडात फक्त बोंड जात होतं. सिस्टरनी माझ्या पाठीशी उशी कोंबली, लेकीचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, तिचं नाक बोंडासमोर आणून थांबल्या. तिने आ केला, चांगला मोठा, जांभईसारखा, तेव्हा कुठे त्यांनी तिला जवळ ओढलं. हनुवटी आधी टेकली. खालचा ओठ बाहेर उलटला. पहिलं अर्धं मिनिट भराभर, वरवरचे चोखे. मग लय बदलली. हनुवटी खाली गेली, तिथेच क्षणभर थांबली, मग वर आली आणि घशातून एक बारीक आवाज आला, कुणीतरी उशीत तोंड खुपसून 'क्ह' म्हणावं तसा. पुन्हा तेच. पुन्हा. "तो थांबा दिसला? तेवढ्यात तोंड भरतं," सिस्टर म्हणाल्या. चार दिवसांत पहिल्यांदा मी घड्याळ सोडून तिच्या हनुवटीकडे बघितलं.

चौदाव्या दिवशी वजन ३,११० भरलं. जन्माचं वजन साधारण दोन आठवड्यांत परत यावं असं धरतात, ते आलं. वरचं दूध केव्हाच बंद झालं होतं. इथे ही गोष्ट संपायला हवी होती, पण माझी वही चालूच राहिली.

कारण संध्याकाळ. दिवसभर दोन-अडीच तासांनी पिणारी पोर सहा वाजले की सुटायचीच नाही. पंधरा मिनिटं प्यायची, पाच मिनिटं डुलकी, पुन्हा रडणं, पुन्हा छाती. रात्री दहापर्यंत हेच. छाती मऊ, लोंबल्यासारखी वाटायची आणि मी मनाशी म्हणायचे, संपलं, सगळं पिऊन संपलं हिने. कुणी तरी प्रेमाने सल्ला दिला, "तासभर जाऊ दे, जरा साठू दे, मग पाज."

हा सल्ला ऐकायला इतका शहाणपणाचा वाटतो की मी तो दोन दिवस पाळला. तो साफ उलटा आहे. छाती म्हणजे हंडा नाही, नळ सोडून भरायची वाट बघायला. ती विहिरीसारखी आहे: उपसा होत राहिला तर झरे वाहते राहतात, पाणी तसंच तुंबून राहिलं तर मंदावतात. भरलेल्या छातीत दूध तयार होण्याचा वेग कमी होतो, मोकळ्या छातीत वाढतो. त्यामुळे संध्याकाळच्या मऊ छातीत दूध अगदी चालू असतं. ते थोडं थोडं येतं, आणि बाळ ते थोडं थोडं पितं. लागोपाठ चिकटून ती उद्याच्या दुधाची मागणी नोंदवत असते असं म्हटलं तरी चालेल. काही वेळा तर तिला दूध नकोच असतं, नुसती ऊब हवी असते. तसं म्हणायला माझं काय जात होतं? पण नाही, पो.भ.ना.ब.

आणि बाळ छाती 'संपवतं' हेही खरं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात पीटर हार्टमन यांच्या गटाने पाजण्याआधी आणि नंतर बाळांचं वजन करून दूध मोजायची पद्धत वर्षानुवर्षं वापरली. २००६ साली त्यांनी निव्वळ अंगावर पिणाऱ्या, एक ते सहा महिन्यांच्या ७१ बाळांचे आकडे प्रसिद्ध केले. बाळं दिवसाला सरासरी ७८८ ग्रॅम दूध पीत होती. पण ही सरासरी बाजूला ठेवा, खरी गंमत टोकांना आहे. कुणी ४७८ ग्रॅमवर समाधानी, कुणाला १,३५६ लागत होतं. कुणी दिवसातून सहा वेळा पीत होतं, कुणी अठरा. आणि छातीत असलेल्या दुधापैकी बाळं साधारण दोन तृतीयांशच घेत होती, बाकीचं तसंच ठेवून देत होती. काही बायकांच्या छातीत एका वेळी जास्त दूध साठतं, काहींच्यात कमी. कमी साठवणाऱ्या बाईचं बाळ जास्त वेळा पितं, इतकंच. दिवसाचा हिशेब दोघींचा जमतो. मी शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या बाळाशी माझ्या बाळाची तुलना करत बसले होते, त्याला काही अर्थच नव्हता.

घड्याळाचं खूळ मात्र जुनं आहे. न्यूझीलंडमध्ये फ्रेडरिक ट्रुबी किंग नावाचे डॉक्टर होते. मनोरुग्णालयाचे प्रमुख, आणि तिथल्या शेतावर वासरांना काय आणि कसं पाजावं याचे प्रयोग करणारे. १९०७ मध्ये त्यांनी बालसंगोपनाची संस्था काढली आणि दर चार तासांनी पाजा, रात्री पाजूच नका, अशी शिस्त घालून दिली. इंग्रजी बोलणाऱ्या जगात ती कित्येक वर्षं चालली. गृहस्थांचा हेतू चांगला होता, त्यांना बाळं मरू द्यायची नव्हती, आणि अंगावरच्या दुधाचे ते कट्टर पुरस्कर्ते होते. पण दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. रात्रीचं पाजणं बंद करणं म्हणजे आपल्याच विहिरीवर झाकण घालणं. आजही 'तीन तास झाल्याशिवाय पाजू नको' असं कुणी सांगतं, तेव्हा मला ते डॉक्टर आणि त्यांची वासरं आठवतात. तान्हं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा प्यायलं तर ते हट्ट करत नाही, नेमकं जे करायला हवं तेच करतं.

तिसऱ्या आठवड्यात मी पंप आणला. म्हटलं एकदा काय तो सोक्षमोक्ष लावू. पाजून अर्धा तास झाला होता, लेक झोपली होती. मी पलंगाच्या कडेला बसून, दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं, बाटलीच्या तळाकडे डोळे लावून. पंचवीस मिली. बाटली उजेडात धरून, तिरकी करून, पुन्हा सरळ करून पाहिली. पंचवीसच.

माझं रडून झाल्यावर नवऱ्याने बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पंप लावला तेव्हा त्याने कपाटातून स्वतःचा मोजा आणला आणि बाटलीवर चढवला. धुतलेला होता, पण मोजाच. "आता बघ काय बघायचंय ते." मी हसले, खिडकीबाहेर बघितलं, मग लेकीकडे बघितलं. मोजा काढला तेव्हा साठ मिली होतं. रात्रीत माझं दूध दुपटीहून जास्त वाढलं असं नाही. पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन लागतं, आणि काळजीने, वेदनेने, संकोचाने ते अडखळतं. दूध असतं, उतरत नाही. यंत्रापुढे तर ते आणखीच लाजतं. पंपातून किती निघालं यावरून बाळाला किती मिळतं ते ठरवू नये, एवढं मला त्या मोज्याने शिकवलं. बाळाचं तोंड जे काढतं ते पंपाला जमत नाही.

पण शिकले तरी वागले का तसं? त्याच आठवड्यात मी रात्री अकराची एक बाटली सुरू केली, वरच्या दुधाची. कुणी सांगितलं नव्हतं. ती पिऊन लेक चार तास झोपली आणि मला पहिल्यांदा वाटलं, बघा, भुकेलीच होती. तीन-चार दिवसांनी पहाटेचं दूध कमी वाटायला लागलं. मग पहाटेचीही बाटली. आठवड्याने संध्याकाळी खरोखर कमी होतं. मी रात्री उपसा बंद केला होता आणि छातीने इमानदारीने त्याची नोंद घेतली होती. शंका स्वतःचा पुरावा स्वतः तयार करते तो असा. बाटली मागे घ्यायला मला दहा दिवस लागले, एकेक करून, जास्त वेळा पाजून, आणि वजनकाट्यावर नजर ठेवून. वरच्या दुधाशी माझं भांडण नाही. चौथ्या दिवशी ते गरजेचं होतं, तेव्हा त्याने माझ्या लेकीला सांभाळलं. तिसऱ्या आठवड्यात ते माझ्या भीतीला पाजलं जात होतं.

आता दुसऱ्या बाजूचं. 'सगळं मनात असतं गं, मन शांत ठेव, दूध येईल' असं म्हणणाऱ्यांचा मला आत्याबाईंपेक्षा जास्त राग येतो. माझ्या एका मैत्रिणीला दोन आठवडे हेच ऐकवलं. तिच्या गर्भाशयात वारेचा तुकडा राहिला होता. वार पूर्ण पडल्याशिवाय लगाम सुटत नाही, त्यामुळे तिची छाती भरूनच येईना. कुणी विचारलं नाही की रक्तस्राव अजून का चालू आहे. तुकडा काढला आणि दोन-तीन दिवसांत दूध उतरलं. थायरॉइडचा त्रास, छातीवर झालेली शस्त्रक्रिया, बाळंतपणात गेलेलं भरमसाट रक्त, दुधाच्या ग्रंथीच नीट न वाढणं, बाळाची जीभ खालून बांधलेली असणं, ही खरी कारणं आहेत. यातल्या काहींवर उपाय निघतो, काहींवर अर्धाच निघतो, आणि मग अर्धं अंगावर, अर्धं वरचं, असंही बाळ छान वाढतं. त्या बाईला 'मन शांत ठेव' म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला 'सकारात्मक राहा' म्हणण्यासारखं आहे.

मग खरं कमी आणि भीतीचं कमी, हे ओळखायचं कसं? उत्तर माझ्या वहीतच होतं, आणि ते मला कितीतरी उशिरा दिसलं. लेक दीड महिन्याची असेल. छाती एकाएकी मऊ झाली, ब्लाऊज ओले होणं थांबलं, आणि मी पुन्हा घाबरून वही उघडली, दूध कधीपासून आटायला लागलं ते शोधायला. (सुरुवातीच्या आठवड्यांतला तो फुगीरपणा नुसत्या दुधाचा नसतो, त्यात रक्त आणि इतर द्रवही असतात. पुढे शरीराला बाळाचं माप कळतं आणि छाती मऊ होते. हे मी नंतर वाचलं.) पानं उलटताना पहिल्यांदा चौथा रकाना नीट वाचला. शू-शी. पहिल्या आठवड्यानंतरच्या प्रत्येक दिवशी सहा, सात, आठ ओले लंगोट. शी पहिल्या पानावर हिरवट, सहाव्या दिवसापासून पिवळी, 'मोहरीच्या दाण्यांसारखी' असं मीच कौतुकाने लिहिलेलं. आणि त्याच्या शेजारी, त्याच ओळीत, माझ्याच अक्षरात, पो.भ.ना.ब.

जे आत जातं तेच बाहेर येतं, याहून मोठी विद्या यात नाही. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त जडसर ओले लंगोट, फिकट रंगाची शू, काळी शी जाऊन पिवळी आलेली, आणि काट्यावर दिवसाला वीस ते तीस ग्रॅमची चढण, एवढं असेल तर संध्याकाळी सहाला बाळ कितीही ओरडो. एवढं नसेल, लंगोट कोरडे राहत असतील, पाचव्या दिवशीही शी काळी असेल, लंगोटावर विटकरी डाग दिसत राहिले, बाळ पिवळं पडत असेल, किंवा प्यायलाही उठणार नाही इतकं सुस्त असेल, तर वही मिटून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. शांत झोपून राहणाऱ्या बाळाची सगळे स्तुती करतात, पण चौथ्या-पाचव्या दिवशी फार शांत असलेलं बाळ मला तरी रडणाऱ्यापेक्षा जास्त भिववतं.

वही सातव्या आठवड्यात थांबली. ठरवून नाही. मधली दोन पानं कुणीतरी फाडून नेली, बहुतेक फोनवर कुणाचा तरी नंबर लिहून घ्यायला, आणि मी पुढचे रकाने आखलेच नाहीत.

परवा पहाटे धाकट्या मावसबहिणीचा फोन आला. बाळ नऊ दिवसांचं. आवाज इतका खाली की आधी वाटलं कुणी गेलं. "ताई, मला दूधच नाहीये गं. काल रात्रभर लागोपाठ प्यायलाय, भरतच नाही त्याचं. सगळे विचारतायत पुरतंय का, मी काय सांगू?"

'पुरतंय ना' हेच माझ्याही तोंडावर आलं होतं, गिळलं.

"कालपासून शू किती वेळा झाली?"

"काय माहीत. मोजलं कुणी?"

"मग आत्ता मोज. लंगोट कुठे टाकतेस?"

"बादलीत. धुवायचेत अजून."

फोन खाली ठेवल्याचा आवाज, मग पाणी नसलेल्या बादलीत हात घातल्याचा. बाळ मागे कुठेतरी कुरकुरत होतं. ती पुटपुटत मोजत होती, एक, दोन, हा शीचा, हा धरू का? धर. चार. पाच. सहा. मग बराच वेळ काहीच नाही.

"सात," ती म्हणाली. "थांब, एक पलंगाखाली पण आहे."